पलटणीतल्या पणजोबांचा शोध : या चुका टाळा

"पणजोबा पहिल्या महायुद्धात होते म्हणे. नाव-आडनाव देतो, कुठे सापडतील?" असं विचारणाऱ्याला मी आधी घरातल्या ट्रंका उघडायला लावतो. या कामात नाव हा सगळ्यात कच्चा धागा. खरा शोध लागतो तो शिपायाचा फौजेतला नंबर आणि पलटण यांवरून.

तरी जो तो आडनाव टाकून शोधायला बसतो, वर आजचा जिल्हाही घालतो. कुडाळकडच्या एका तरुणाने 'सिंधुदुर्ग' टाकून बरेच दिवस शोधलं आणि नोंदच नाही म्हणून हात टेकले. अरे, सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली! त्याला म्हटलं, घरात मेडल आहे का बघ. आजीच्या पेटीत निघालं. कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पुढे '११७ मराठाज'. ही पलटण इराकमधल्या कूट शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होती. २९ एप्रिल १९१६ ला कूट पडलं आणि उरलेले कैदेत गेले. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत तो नंबर घालताच माणूस सापडला. आडनाव नाहीच, फक्त स्वतःचं आणि वडिलांचं नाव. जिल्हा रत्नागिरी. स्मारक इराकमधल्या बसऱ्याचं. तिथल्या फलकांवर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलेलीच नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा आहे. नावं नोंदवहीत आहेत. त्यामुळे फलकाचे फोटो कितीही मोठे करून बघितले तरी काही हाती लागत नाही.

नुसत्या नंबरावरही विसंबू नका. तेव्हा प्रत्येक पलटण आपापले नंबर देई, त्यामुळे एकच नंबर अनेकांना असे. जिल्हा जुनाच घाला : रायगडला कुलाबा, सांगलीच्या बऱ्याच गावांना सातारा.

मेडल घासून चकचकीत करू नका. कडेवरची अक्षरं झिजली की पुरावा गेला. तिरप्या उजेडात फोटो काढा.

वॉर ग्रेव्ह्जच्या यादीत नाव नाही म्हणून पणजोबा फौजेत नव्हते, असं ठरवणारे तर रोज भेटतात. ती यादी मेलेल्यांची आहे. जिवंत परतलेला माणूस तिथे सापडणार कसा?

लाहोरच्या संग्रहालयातल्या नोंदवह्यांची बातमी वाचून तिकडे धावू नका. त्या पंजाबच्या आहेत.

पलटणींची नावं बदलत गेली, तेवढं पाठ करा. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी १९२२ मध्ये एका रेजिमेंटखाली आल्या. महार रेजिमेंट १९४१ ची. पहिल्या युद्धातला महार शिपाई तिथे शोधून उपयोग नाही. १९१७ ला उभी राहिलेली आणि १९२१ मध्ये मोडलेली '१११ महार' बघा. आणि 'फौजेत होते' म्हणजे बंदूकवालेच असं कशाला? खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलात, किंवा मजुरांच्या लेबर कोअरमध्येही असू शकतात.

स्वातंत्र्यानंतर निवृत्त झालेल्यांचं काम सोपं, पण घाईने बिघडतं. "आजोबांची सगळी माहिती द्यावी" असा अर्ज टाकून उत्तराची वाट बघत बसणं मला मुळीच पटत नाही. डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) शोधा, वारसाचे कागद जोडा आणि आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात स्वतः जा. तिथून पुढे रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं : मराठा रेजिमेंट असेल तर बेळगाव, महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातलं सागर. अर्जात पहिल्या ओळीत नंबर, मग हुद्दा, मग नाव.