वाफशाची वाट: पदव्युत्तर प्रवेशाच्या तयारीत विश्वास आणि धीर कसा राखावा

परतीचा पाऊस मंगळवेढ्याच्या काळ्या रानावर पडून गेला म्हणून शेतकरी दुसऱ्याच दिवशी तिफण जुंपत नाही. तो वाफसा येण्याची वाट पाहतो. चिखलात पेरले तर बी कुजते आणि ओल उडून गेल्यावर पेरले तर ते उगवत नाही; या दोहोंमधले मोजकेच दिवस हाती असतात आणि ते ओळखण्यासाठी रोज रानात जाऊन माती मुठीत दाबून पाहावी लागते. बायबलच्या नव्या करारात याकोबाने आपल्या पत्रात (5:7) धीर शिकवताना शेतकऱ्याचाच दाखला दिला आहे, जो पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत जमिनीच्या मोलवान पिकाची वाट पाहतो. त्याच्या देशात पहिला पाऊस पेरणीच्या वेळी आणि शेवटचा पाऊस दाणा भरताना येत असे. सोलापूर जिल्ह्यातल्या रब्बी ज्वारीला तो शेवटचा पाऊस बहुधा मिळतच नाही. जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती सुमारे चार महिने उभी राहते, आणि ती ओल भेगांतून उडून जाऊ नये म्हणून शेतकरी पुन्हा पुन्हा कोळपणी करतो, म्हणजे वरची माती हलवून भेगा बुजवतो.

पदवी हातात पडल्यापासून एम.एस्सी., एम.टेक. किंवा पीएच.डी.चा प्रवेश निश्चित होईपर्यंतचा काळ मला या ज्वारीसारखा वाटतो. बाहेरून प्रोत्साहनाचा पाऊस फारसा पडत नाही, मित्र नोकरीला लागलेले असतात आणि आत जे मुरलेले आहे त्यावरच उभे राहावे लागते. आमच्या ख्रिस्ती मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, मुले-मुली शनिवारी संध्याकाळी माझ्याशी याविषयी बोलायला येतात. त्यांना मी जे सांगतो, ते येथे सविस्तर मांडत आहे.

पहिले काम वहीचे आहे. वहीच्या पानाचे दोन भाग करून डावीकडे आपल्या हातात असलेल्या आणि उजवीकडे आपल्या हातात नसलेल्या गोष्टी लिहाव्यात. अभ्यासक्रम, जुन्या प्रश्नपत्रिका, अर्जाच्या तारखा, शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना वेळेवर भेटणे आणि संशोधनाचा आराखडा पुन्हा लिहून काढणे हे डावीकडचे. कट-ऑफ किती लागेल, मार्गदर्शकाकडे जागा आहे की नाही, निकाल कधी लागेल आणि मुलाखतीला समोर कोण बसेल हे उजवीकडचे. प्रार्थनाही या दोन भागांप्रमाणे वेगवेगळी करावी. डावीकडच्या प्रत्येक कामासाठी बळ, शिस्त आणि प्रामाणिकपणा मागावा, आणि मागून झाल्यावर त्याच दिवशी त्या कामाला हात घालावा. उजवीकडची प्रत्येक बाब दिवसातून एकदा नाव घेऊन देवाच्या स्वाधीन करावी आणि तिच्यापुढे तारीख टाकावी, म्हणजे रात्री पुन्हा तीच काळजी वर आली तर आज हे सोपवून झाले आहे, असे स्वतःला दाखवता येते.

मात्र एक चूक मी स्वतः केली आहे, ती सांगितलीच पाहिजे. माझे एक प्रमाणपत्र एका कार्यालयात अडकले होते. मी ते उजव्या बाजूला लिहिले, देवाची इच्छा असेल तेव्हा मिळेल असे म्हणत घरी बसलो आणि अर्जाची मुदत निघून गेली. ते प्रमाणपत्र डाव्या बाजूचे होते. मी रोज खिडकीपाशी जाऊन विचारायला हवे होते, वरच्या अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यायला हवा होता. लूकच्या शुभवर्तमानातली विधवा (18:1-8) अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते, आणि खचून न जाण्याचा दाखला म्हणून प्रभू येशूने तिलाच पुढे केले आहे. आपल्याकडे मुकाट्याने सोसणाऱ्याला धीराचा माणूस म्हणण्याची सवय आहे. ती विधवा मुकाट बसली नाही, तरी धीर तिचाच.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत धीरासाठी दोन शब्द येतात. एक हुपोमोने, म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणे. रोमकरांस पत्रात (5:3-4) संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा अशी जी साखळी आहे, तिच्यातला धीर हा. दुसरा माक्रोथुमिया, म्हणजे माणसांच्या बाबतीत लवकर न चिडणे; गलतीकरांस पत्रात (5:22) आत्म्याच्या फळांत मोजलेली सहनशीलता ती ही. अभ्यासाला पहिला लागतो आणि घरात दुसरा. "अजून किती वर्षे शिकणार?" असे मावशी विचारते तेव्हा तिला हुपोमोने दाखवून उपयोग नाही. तिच्याजवळ दहा मिनिटे बसून आपली परीक्षा काय आहे, त्यानंतर काय होणार आहे आणि घरावर खर्चाचा किती भार येईल, हे शांतपणे सांगावे. पुष्कळदा टोचणारा प्रश्न माहिती नसल्यामुळे आलेला असतो.

दिनक्रमाविषयी थोडक्यात सांगतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्यावर वाचन होत नाही, म्हणून अवघड विषय पहाटे 5 ते 8 या वेळेत घ्यावा आणि दुपार अभ्यासिकेत काढावी. पाणी यायच्या दिवशी पहाट भांडी भरण्यात जाते, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेची गर्दी असते. हे दिवस आधीच वहीत मांडून त्या आठवड्याचा अभ्यास हलका ठेवावा. अभ्यासाआधी एक स्तोत्र वाचून पाच-सात मिनिटे प्रार्थना करावी, तेवढे पुरे. अवघड धडा समोर आला की प्रार्थना लांबवण्याचा मोह होतो आणि परीक्षा जवळ आली की प्रार्थना गाळण्याचा. दोन्ही वेळी मूळ भीतीच असते, म्हणून वेळ ठरवून घेऊन ती पाळणे बरे. ही रोजची कोळपणी आहे. एका दिवशी तिचे काही दिसत नाही, पण ती सोडली की भेगा पडतात.

धीराचा सराव प्रश्नपत्रिकेवरही करता येतो. प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीच्या यूजीसी नेटला आणि आपल्या राज्याच्या सेटला 150 प्रश्न आणि 3 तास असतात, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. न सुटणाऱ्या प्रश्नाशी झगडत चार मिनिटे घालवणे ही चिकाटी वाटते, पण तो हट्ट असतो. प्रश्नावर खूण करून पुढे जाणे आणि नंतर परत येणे हे घरी निदान वीस प्रश्नपत्रिकांवर घड्याळ लावून शिकावे. एम.टेक. प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत चुकलेल्या बहुपर्यायी उत्तराला गुण वजा होतात, नेटमध्ये होत नाहीत. म्हणून कोरे सोडावे की लिहावे, याचा निर्णय परीक्षेगणिक वेगळा घ्यावा लागतो.

रविवार हा आमच्या उपासनेचा दिवस, म्हणून रविवारचा प्रश्न आमच्या मुलांना खरोखर छळतो. सेट बहुधा रविवारी असते, गेटच्या तारखा शनिवार-रविवारी येतात आणि खासगी वर्गांच्या सराव परीक्षांना रविवारच सोयीचा वाटतो. माझे मत असे आहे की मुख्य परीक्षा रविवारी असेल तर मनात अपराधी भाव न ठेवता ती द्यावी. शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नव्हे, असे प्रभूनेच म्हटले आहे (मार्क 2:27). आदल्या संध्याकाळी पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, भेटून प्रार्थना करून घ्यावी आणि त्या आठवड्यात दुसरी एखादी दुपार विश्रांतीसाठी मोकळी ठेवावी. सराव परीक्षेसाठी मात्र उपासना चुकवू नये. एक रविवार चुकला की दुसरा चुकतो, आणि चार महिन्यांनी ज्यांच्या आधाराची सर्वांत जास्त गरज पडते त्या माणसांपासून आपण दूर गेलेलो असतो.

आता नवसाविषयी. आपल्या मातीत नवस बोलण्याची रीत खोलवर रुजलेली आहे आणि ख्रिस्ती घरांतही ती वेगळ्या नावाने चालते: पास कर, म्हणजे पहिला पगार दानपेटीत टाकीन, प्रवेश मिळू दे, म्हणजे चाळीस दिवस उपास करीन. कृतज्ञतेने दिलेल्या दानाला माझा विरोध नाही. पण देवाशी सौदा केला की निकालाच्या दिवशी दोनच निष्कर्ष उरतात, देवाने शब्द पाळला किंवा देवाने फसवले, आणि दुसऱ्या निष्कर्षाने खचलेली मुले मी पाहिली आहेत. मागणी उघडपणे, हवी तितक्या वेळा करावी. तिला किंमत चिकटवू नये.

अशीच काळजी वचनांच्या बाबतीत घ्यावी. यिर्मया 29:11 हे वचन शुभेच्छापत्रांवर असते, अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवलेले असते. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हांला आशा आणि भवितव्य देण्याचे आहेत, असा त्याचा आशय आहे आणि तो खरा आहे. पण त्याच्या आधीचे वचन वाचावे. हे वचन यिर्मया संदेष्ट्याच्या एका पत्रातले आहे; ते पत्र यरुशलेमेहून बाबेलच्या बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे आणि 10 वे वचन त्यांना 70 वर्षांची मुदत सांगते. लवकरच परत जाल असे सांगणाऱ्या संदेष्ट्यांवर विश्वास ठेवू नका, असे त्या पत्रात स्पष्ट लिहिले आहे. तोवर काय करायचे तेही 5 व्या वचनापासून सांगितले आहे: घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याच्या शांतीसाठी झटा आणि प्रार्थना करा. म्हणून ज्याला हे वचन समोर चिकटवायचे असेल त्याने 5 ते 11 ही सगळी वचने स्वतःच्या हाताने लिहून चिकटवावीत. तयारीच्या वर्षात सोलापुरात घर बांधणे म्हणजे काय, याचे उत्तर प्रत्येकाने आपापले शोधावे. कोणी संडे स्कूलमध्ये शिकवतो, कोणी गल्लीतल्या दहावीच्या मुलांना गणित सांगतो, एकीने आजीची औषधे आणि दवाखान्याच्या फेऱ्या स्वतःकडे घेतल्या. प्रवेश मिळाल्यावर आयुष्य सुरू होईल असे मानून बसलेल्या मुलांपेक्षा ही मुले निकालाच्या दिवशी कमी कोसळतात, हे मी पाहिले आहे.

अपयश येण्याची शक्यता आधीच मोजून ठेवावी. सेटमध्ये दोन्ही पेपर देणाऱ्यांपैकी 6 टक्के उमेदवार पात्र ठरतात, म्हणजे शंभरातले 94 जण घरी परततात आणि त्यांत प्रार्थना केलेलेही असतात. माझ्या पहिल्या प्रयत्नाचा निकाल लागला त्या रविवारी उपासनेत एकाने साक्ष दिली, म्हणजे देवाचा आपला अनुभव सर्वांपुढे सांगितला, की मी प्रार्थना केली आणि देवाने मला यश दिले. त्याचा आनंद खराच होता, तरी मागच्या बाकावर बसून मला वाटत राहिले की माझी प्रार्थना कुठे कमी पडली. घरी आल्यावर 13 वे स्तोत्र उघडले. हे परमेश्वरा, कोठवर, असे दावीद त्यात एकदा नव्हे, चार वेळा विचारतो, आणि ते शब्द शास्त्रात जसेच्या तसे राखलेले आहेत. त्या आठवड्यात मी दुसरी कोणतीही प्रार्थना केली नाही. ज्याचा निकाल वाईट लागला आहे त्याला लगेच यातही देवाची योजना असेल असे सांगू नये. त्याच्यासोबत ते स्तोत्र वाचावे आणि चहा प्यावा. मंडळीच्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की साक्षीच्या वेळी निकालाची वाट पाहणाऱ्यांनाही बोलावावे.

रडून झाल्यावर वहीकडे परत यावे आणि काय शिल्लक आहे ते पाहावे. गेटचे गुण निकालापासून 3 वर्षे चालतात. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, हुकली तरी पीएच.डी. प्रवेशासाठीची पात्रता मिळू शकते. तेव्हा नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार असतो, पण ते गुण 1 वर्षच ग्राह्य असतात. म्हणजे त्या वर्षात विद्यापीठांच्या जाहिरातींवर नजर ठेवून आराखडा तयार ठेवणे हे पुन्हा वाफसा ओळखण्याचेच काम आहे, आणि येथे उशीर महाग पडतो.

मुलाखतीसाठी पहाटेच्या गाडीने पुण्याला जाताना दौंड मागे पडले की केडगाव लागते. तेथे निराधार स्त्रियांसाठी स्थापन केलेल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक आत्मसात करून, साध्या बाईलाही वाचता यावे अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे काम वर्षानुवर्षे केले. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले आणि ते बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले. मुलाखतीच्या टिपणांत डोके खुपसून बसलेल्या आमच्या मुलांना मी सांगतो की केडगाव आले की दोन मिनिटे टिपणे मिटावीत आणि खिडकीबाहेर पाहावे.

निकालाच्या दिवशी काय करायचे हे आदल्या संध्याकाळीच ठरवावे. निकाल कोणासोबत पाहायचा, पहिला फोन कोणाला करायचा आणि रात्री जेवायला कोणाकडे जायचे, एवढे लिहून ठेवावे. निकाल कसाही लागो, शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना त्याच दिवशी स्वतः कळवावे आणि त्यांचे आभार मानावेत. मग वहीतल्या उजव्या बाजूची ती ओळ खोडून नवीन पान उघडावे, वर तारीख घालावी आणि डावीकडे पुढच्या अर्जाची मुदत किंवा नव्या गावातल्या वसतिगृहाच्या अर्जाची मुदत, जी असेल ती, लिहावी.