गंजलेली जुनी गाडी घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा, मी बऱ्याचशा करून बसलोय

आमच्या कोकणातल्या अंगणात १९९८ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली, मूळ रंग पांढरा. २०२२ मध्ये चिपळूणहून आणली, स्वस्तात मिळाली म्हणून खूष होतो, आणि ज्या दिवशी पायाखालचं मॅटिंग उचललं त्या दिवशी स्वस्तात का मिळाली ते कळलं. ड्रायव्हरच्या टाचेखाली पत्रा नव्हताच! काळ्या डांबरी शीटचा एक थर होता, त्याच्याच जिवावर माझी टाच टिकून होती. बोटानं दाबलं तर शीट खाली गेली आणि भोकातून अंगणातली लाल माती दिसायला लागली. बायको म्हणाली, चला एसीचा खर्च वाचला.

मी मेकॅनिक नाही, रविवारचा मिस्त्री आहे. त्यामुळे खाली जे लिहितोय ते बहुतेक हात भाजून शिकलेलं आहे.

पहिली चूक म्हणजे रंग बघून गाडी घेणं. गंज बाहेरून आत जातो असं आपल्याला वाटतं, पण दरवाज्याच्या खालच्या कडेला, चाकाच्या कमानीवर, काचेच्या रबराखाली जो बारीक फोड दिसतो ना, तिथला गंज बहुतेक वेळा आतून सुरू झालेला असतो आणि फोड येतो तोवर मागचा पत्रा कुजलेला असतो. त्यामुळे गाडी बघायला जाताना स्क्रू ड्रायव्हर आणि एक लोहचुंबक न्या. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत चला, चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला किंवा पुट्टी भरलेला भदभद वाजतो. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळून फिरवा, जिथे तो सुटतो तिथे रंगाखाली जाड पुट्टी आहे, म्हणजे आमच्याकडच्या पेंटरच्या भाषेत लांबी. आणि पुराची शंका असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. मी हे गाडी घेतल्यावर केलं. बेल्टच्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चहाच्या रंगाची सरळ रेघ होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा ही गाडी कुठे उभी होती ते त्या रेघेनं सांगितलं, विकणाऱ्यानं मात्र डोंगरावरच्या घरी होती असं सांगितलेलं.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि इथे जरा सविस्तर लिहितो कारण ही मी दोनदा केली. भोक दिसलं की आपण भोक बुजवायला धावतो. अहो, पण पाणी कुठून येतं ते शोधलं का? मी पहिल्या वर्षी टाचेखालचा पत्रा बदलला, रंग मारला, नवीन मॅटिंग घातलं, आणि ऑगस्टमध्ये मॅटिंगखाली परत डबकं. त्यात समुद्राकाठच्या हवेतलं मीठ. आमच्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात, नाहीतर मिठाला पाणी सुटतं, तेच गाडीच्या पत्र्यावर होतं. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, म्हणजे समुद्राकाठच्या गाडीचा पत्रा पाऊस नसतानाही ओला असतो आणि खारट पाण्यात गंज कितीतरी पटीनं लवकर चढतो.

तर पाणी शोधायचं कसं? एक माणूस आत टॉर्च घेऊन बसवायचा, मॅटिंग काढलेलं, आणि दुसऱ्यानं बाहेरून पाइपानं पाणी सोडायचं, खालून वर, एकेक जागा पाच-पाच मिनिटं. वरून सुरू केलं तर सगळीकडून एकदम ओघळ येतात आणि काही कळत नाही. माझ्या भाच्याला आत बसवलं होतं. बॉनेट आणि काचेच्या मधल्या जाळीवर पाणी सोडलं, काही नाही. दरवाज्याच्या काचेवर सोडलं आणि तो ओरडला, "मामा, स्पीकरमधून पाणी येतंय!"

दरवाज्याची गंमत अशी की काचेच्या फटीतून पाणी आत जाणारच, ते जावं असंच धरलेलं असतं. ते दरवाज्याच्या पोटात उतरतं आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. दरवाज्याच्या आतल्या कार्डच्या, म्हणजे आतून दिसणाऱ्या पॅनलच्या मागे एक साधा प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, पाणी गाडीच्या आत येऊ नये म्हणून. कुणीतरी कधीतरी स्पीकर बसवताना किंवा काच वर-खाली करणारं मशीन बदलताना तो टराटरा फाडतो, फेकून देतो, आणि त्या दिवसापासून प्रत्येक पावसात ओघळ थेट मॅटिंगखाली. मी जाड प्लॅस्टिक कापून चिकटपट्टीनं बसवलं, खालची कड दरवाज्याच्या आत खोचली, आणि तळाची भोकं तारेनं मोकळी केली. त्यातून सुपारीएवढा मातीचा गोळा निघाला. खर्च शंभर रुपयेसुद्धा नाही, आणि हे न करता मी आधी पत्र्यावर सात हजार घालवले होते.

केमिकलच्या बाबतीत उत्साह जरा कमी ठेवा. संडास-बाथरूमचं ॲसिड गंज खातं हे खरंय, डोळ्यांसमोर पत्रा चकाचक होतो, पण ते हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्याचा अंश सांध्यात राहिला की दुसऱ्या दिवशी पत्रा पिवळा आणि आठवड्यात परत तांबडा. शेजारचे काका चिंच लावून बघ म्हणाले होते, तांब्याच्या हंड्याला ठीक आहे काका. फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर (गंज काढणारं) किंवा कन्व्हर्टर (गंजाचा काळा टिकाऊ थर करणारं) घ्या, पण तेसुद्धा सुट्टा गंज, खपल्या, पापुद्रे सगळं तारेच्या ब्रशनं खरवडून काढल्यावरच. खपलीवर कन्व्हर्टर मारलं तर फक्त खपली काळी होते. सुटे भाग, म्हणजे ब्रॅकेट, नटबोल्ट, बिजागऱ्या, यांना मी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून साफ करतो, भागाला निगेटिव्ह आणि पॉझिटिव्हला टाकाऊ लोखंडी पट्टी. तिथे स्टेनलेस स्टीलचा चमचा लावू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी पाणी तयार होतं. शिवाय हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा हे उघड्यावरच करा, आणि विडी-काडी लांब.

लांबी हा पत्र्याचा पर्याय नाही, एवढंच. लांबी पाणी शोषून घेते. भोकात कापड कोंबून वरून लांबी फासलेल्या गाड्या मी बघितल्यात, एकीत तर वर्तमानपत्र होतं, तारीखसुद्धा वाचता येत होती.

अडकलेल्या बोल्टशी भांडू नका. आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० किंवा तसलं काही मारून ठेवा, सकाळी परत मारा, मग पाना लावून आधी किंचित आवळायचा प्रयत्न करा आणि मग सोडवा, थोडं पुढे थोडं मागे. बारा कोनांच्या रिंग पान्यानं गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल होतं, सहा कोनांची गोटी, म्हणजे बोल्टवर टोपीसारखा बसणारा सॉकेट पाना वापरा. ब्रेकमधली हवा काढायचा बारीक स्क्रू, म्हणजे ब्लीडिंग निपल, तर फार नाजूक, मी पहिल्याच दिवशी एक तोडला. आणि हो, ब्रेकच्या लोखंडी नळ्या गंजलेल्या असतील तर घासून रंगवू नका, सरळ बदला. सोडवलेले बोल्ट मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवतो, झाकणावर चिठ्ठी, आणि सोडवायच्या आधी मोबाईलवर फोटो.

आता पत्रा कापण्याकडे येऊ. ८०० ला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, बॉडी हीच चासी, आणि दरवाज्याखालची ती लांब पोकळ पेटी, जिला गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात, ती शोभेची नाही, तिच्यावर गाडी उभी आहे. मी उत्साहात दरवाजे काढले, गाडी मधोमध जॅकवर उचलली आणि ग्राइंडरनं डावी पेटी कापली. आत ओंजळभर चिपळूणचा गाळ निघाला, वाळून ढेकळं झालेला. नवीन तुकडा बसवला, दरवाजा लावायला गेलो तर लॉक लागेना, मागची फट वर बोटभर आणि खाली दरवाजा घासतोय! गाडी मधे वाकली होती. मग पुन्हा सगळं कापलं. योग्य रीत अशी की गाडीचं वजन चाकांजवळ चारी बाजूंना टेकवायचं, दरवाज्याच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल वेल्डिंगचे टाके मारून बसवायचा, एका वेळी एकच बाजू, तीही थोडी थोडी, आणि दर टप्प्याला दरवाजा लावून फट बघायची.

वेल्डिंगसाठी मी आधी गेट बनवणाऱ्याला बोलावलं, आर्कचं मशीन घेऊन आला बिचारा. गाडीचा पत्रा पाऊण-एक मिलिमीटर, त्याला गेटच्या जाड पाइपाची सवय, रॉड टेकवला की नवीन भोक. तासाभरात माझं भोक नारळाएवढं झालं. पातळ पत्र्याला सीओटू वेल्डिंगच (रॉडऐवजी तार आणि गॅसवालं) पाहिजे, बारीक तार, आणि सलग ओढायचं नाही, एक टाका इथे, पुढचा पार तिकडे, नाहीतर पत्रा पापडासारखा फुगतो. जुन्या कुजक्या पत्र्यावर ठिगळ चढवू नका, दोन पत्र्यांच्या मधे पाणी बसतं. चांगला पत्रा लागेपर्यंत कापा आणि मगच तुकडा बसवा. जीआय पत्र्याचा जस्ताचा थर वेल्डिंगच्या जागेवरून घासून काढा, त्याचा धूर नाकात गेला की संध्याकाळी कणकण येते, थंडी वाजते, आणि आपण समजतो पाऊस बाधला.

वेल्डिंग करताना पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते बघा. मी खालून टाके मारत होतो आणि आत डांबरी शीट पेटली, भाच्यानं बादली ओतली म्हणून गाडी राहिली. बॅटरी सोडलेली हवीच, सीट, मॅटिंग, वायरी बाजूला, आणि मागच्या बाजूचं काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवून पार दुसरीकडे. रिकामी टाकी म्हणजे सुरक्षित असं अजिबात नाही, आतली वाफच भडकते. टाकीला स्वतः वेल्डिंग करायचा विचारही नको, दुसरी आणा.

एक गोष्ट मात्र ओरडून सांगतो. आमच्याकडे जांभ्याचा चिरा सगळ्याला लागतो, घराला, गडग्याला, विहिरीला, म्हणून गाडीखालीही लोक तोच लावतात. लावू नका! चिरा भिंतीत दाब सोसतो, पण एका टोकावर भार आला की न सांगता फुटतो. विटा, सिमेंटचे ब्लॉक, तेच. नुसत्या जॅकवरही गाडीखाली शिरायचं नाही, आणि गंजलेल्या गाडीत तर जॅकची जागाच आधी कुजते, जॅक चढतो आणि गाडी तिथेच राहते. लोखंडी स्टँड चार घ्या, काढलेली चाकं पेटीखाली आडवी सरकवून ठेवा, कठीण जमिनीवर काम करा, आणि गाडीखाली जाण्याआधी तिला गदागदा हलवून बघा.

काम झाल्यावर खालून काळं जळकं ऑइल मारायची आपल्याकडे जुनी रीत आहे. रबराचे बुश फुगतात, कातडीला वाईट, आणि आमची विहीर वीस पावलांवर, त्यामुळे मी बंद केलं. डांबरी कोटिंग ओल्या किंवा गंजक्या पत्र्यावर मारणं तर त्याहून वाईट, वरून काळंभोर मस्त दिसतं आणि आत पत्रा झाकून सडतो. आधी कोरडं, मग प्रायमर, मग रंग, मग कोटिंग, आणि पाणी निघायची भोकं बुजवायची नाहीत. प्रायमर मारून गाडी पावसात उभी करू नका, रेड ऑक्साइडमधून पाणी झिरपतं. रंगाचं काम कोकणात जूनच्या तोंडावर काढूच नये, दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट पांढरट पडतो.

कागदपत्रं शेवटी बघू असं म्हणू नका. खाजगी गाडीचं आरसी १५ वर्षांचं, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, वर पर्यावरण कर. एप्रिल २०२२ पासून कारची फी ६०० वरून ५,००० झाली, २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,०००, आणि उशीर झाला तर महिन्याला ५०० वेगळे. माझ्या गाडीचं आरसी संपून किती महिने झालेत हे मी गाडी घेतल्यावर मोजलं, तुम्ही आधी मोजा. चासी नंबर कोरलेला पत्रा कापायचा नाही, ग्राइंडर लावायचा नाही, त्यावर लांबी फासायची नाही. तपासणीला तिथे कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात, आकडे उठले नाहीत तर सगळी मेहनत अंगणातच.

आणि कधी सोडून द्यायची? पुढच्या शॉकअबच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) वरचा पत्रा किंवा चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्म जिथे बसतो ती जागा चाळणी झाली असेल तर ती गाडी पार्टसाठी ठेवा. मी दुसरी एक गाडी अशीच घेतली, तिचे दरवाजे आणि काचेचं मशीन माझ्या गाडीला लागले. कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जायचा माझा हेलपाटा वाचला. पण अशी गाडी भंगारवाल्याला नुसती ढकलून देऊ नका, आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या, नाहीतर कागदावर ती तुमचीच राहते.

सध्या मागच्या उजव्या कमानीत चार बोटांचं भोक निघालंय. मे संपत आलाय, म्हणून फक्त खरवडून, प्रायमर आणि वर दोन हात रंग मारून ताडपत्रीखाली ठेवलीय, ताडपत्री गाडीला चिकटू नये म्हणून वर बांबूचा सांगाडा केलाय. वेल्डिंग आता दिवाळीनंतर.