मुंडी-पाये भाजून घेताना या चुका टाळा

मुंडी-पाये भाजल्याशिवाय रश्शाला खरी चव येत नाही, याबद्दल खवय्यांत दुमत नसावे. मात्र वजनावरून आणि दरावरून घासाघीस करणारे आपण, केस कशाच्या जाळावर जाळले हे खाटकाला सहसा विचारत नाही.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे टायर किंवा रबर जाळून भाजणे. घाना आणि नायजेरियात गुरांची कातडी खाण्यासाठी अशी भाजली जाते, आणि त्यावर तिथे बराच अभ्यासही झाला आहे. टायर फुकटात मिळतो व जाळ कडक देतो. पण त्यात गंधक, जस्त, काजळी, खनिज तेले आणि पोलादी तारा असल्यामुळे धुरातले धातू आणि अर्धवट ज्वलनातून तयार होणारी ‘पीएएच’ (पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन) गटातील रसायने कातडीवर बसतात. याच गटातील बेंझोपायरीन माणसात कर्करोग घडवते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ठरवले आहे. युरोपीय संघात भाजलेल्या मांसातील त्याची कमाल मर्यादा किलोमागे 5 मायक्रोग्रॅम आहे.

रंग दिलेले लाकूड, प्लायवूड आणि पेटवणासाठी टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या हेही तितकेच टाळावे. गॅसच्या बर्नरची ज्योत पिवळी पडून काजळी धरत असेल, तर हवा कमी पडते आहे असे समजून ती आधी निळी करून घ्यावी.

हळद-बेसन चोळून धुतले की सगळे निघून जाते, हा समज चुकीचा आहे. बेंझोपायरीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत विरघळते. त्यामुळे कितीही शिट्ट्या दिल्या तरी ते नष्ट न होता रश्शाच्या तवंगात उतरते, आणि धातू तर उकळण्याने मुळीच जात नाहीत.

पाये घरी आल्यावर नुसते काळवंडलेले दिसले, तर काळा थर बोथट सुरीने कातडी पिवळसर दिसेपर्यंत खरवडावा आणि खुरांच्या बेचक्यात साचलेली काजळी विशेष लक्ष देऊन काढावी. रबराचा किंवा रॉकेलचा वास येत असेल, तर मात्र खरवडत न बसता माल परत करावा. शक्य असल्यास खाटकाला केस साधारण 60 ते 65 अंशांच्या पाण्यात भिजवून ओरबाडायला सांगावे. उकळत्या पाण्यात कातडी शिजून केस उलट घट्ट बसतात. उरलेल्या लवेपुरती निळ्या ज्योतीची झळ पुरते.