त्याच दिवशी बसणाऱ्या दातासाठी आधीची तयारी

वरचा पुढचा दात मुळापर्यंत तडकला असेल आणि तो काढून त्याच बैठकीत इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रूसारखे कृत्रिम मूळ) व तात्पुरती कॅप बसवायचे ठरले असेल, तर आधी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन करून घ्यावा. कारण ओठाच्या बाजूची हाडाची भिंत साध्या एक्स-रेमध्ये कळत नाही आणि पुढच्या दातांपाशी ती बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असते. दाताचा तुटलेला तुकडा हाती असेल तर तो टाकू नये. तोच घासूनपुसून तात्पुरती कॅप म्हणून कधी कधी वापरता येतो आणि मग रंग जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही.

चालू औषधांची यादी लिहून न्यावी. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून वर्षातून एकदा घेतलेले सलाइनमधले औषध हमखास सांगायचे राहते, कारण ते गोळ्यांच्या डबीत नसते. ते आवर्जून सांगावे. मधुमेह असल्यास एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) ताजा रिपोर्ट जवळ असावा. तंबाखू सोडावाच, आणि मिश्रीही तंबाखूच आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आधीच विचारून ठेवावा: इम्प्लांट हाडात पुरेसा घट्ट बसला नाही, तर काय? साधारण 35 न्यूटन सेंटिमीटरची (इम्प्लांट पिळून बसवताना लागणाऱ्या जोराचे माप) पकड मिळाली तरच बहुतेक डॉक्टर त्याच दिवशी कॅप लावतात. न मिळाल्यास काढता-घालता येणारा दात तयार हवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी लग्नाला फट घेऊन जावे लागेल.

केवळ जागा बधिर करून काम होणार असेल, तर जेवून जावे. घरी मऊ भात, वरण, खिमट यांची सोय असावी. तात्पुरती कॅप खालच्या दातांना टेकणार नाही अशी मुद्दाम आखूड ठेवतात. ती दिसण्यासाठी आहे, चावण्यासाठी नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुखणे थांबलेले असते, पण इम्प्लांटची पकड नेमकी तेव्हाच सर्वांत कमी असते, म्हणून पेरू किंवा कणीस त्या दाताने तोडू नये. कायमची कॅप हाड धरल्यावर, तीन ते सहा महिन्यांनी.

इम्प्लांटच्या पाकिटावरचे कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक असलेले स्टिकर मागून फाइलला चिकटवावे. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात स्क्रू ढिला झाला, तर तिथल्या डॉक्टरांना कोणता पाना लावायचा हे त्यावरूनच कळेल.