घरातल्या माणसाशी दारूबद्दल बोलायला बसायचंय? आधी हे वाचा

बडोद्यात दारूबंदी आहे म्हणून हा प्रॉब्लेम नाही, असं फक्त ज्यांच्या घरात कोणी पीत नाही तेच म्हणतात. 1960 ला गुजरात झाला तेव्हापासून बंदी आहे आणि लपवणंही तेव्हापासूनच. आमच्या दांडिया बाजारच्या घरात दादाची बाटली पाण्याच्या टाकीमागे असायची, सगळ्यांना माहीत पण कोणी बोलायचं नाही, कारण शेजारी काय म्हणतील आणि वरून पोलीस.

तर पहिलं काम ही भीती काढणं. डॉक्टरकडे नेलं की केस होईल असं आईला वाटायचं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाचे त्रासही धरलेत आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्कही दिलाय. व्यसनमुक्तीचा सरकारी टोल फ्री नंबर 14446, बसायच्या आधी तिथे एकदा बोलून घ्या.

मग माणसं ठरवा. तीन-चार बास. ज्यांचं तो ऐकतो ते, ज्यांचा घरात मान मोठा ते नाही. आम्ही पहिल्या वेळी मोठ्या काकांना बसवलं, त्यांनी थेट घराण्याची अब्रू काढली आणि दादा स्कूटर काढून जो गेला तो रात्री एकला आला. दुसऱ्या वेळी फक्त वहिनी, मी आणि त्याचा शाळेतला मित्र.

बोलायचं ते कागदावर लिहून काढा, हसू येईल पण लिहा, नाहीतर ऐनवेळी सगळं जुनं उकरलं जातं. "तू बेवडा झालायस" नको. "गणपतीत आरतीला तू उभा राहू शकला नाहीस, पोर रडत आत गेली, मला भीती वाटते" असं, घडलेलं तेवढंच.

वेळ सकाळची, तो शुद्धीत असताना. अपॉइंटमेंट त्याच दिवसाची घेऊन ठेवा आणि बॅगही भरून ठेवा, कारण सकाळचा 'हो' दुपारपर्यंत "सोमवारपासून बघू" होतो.

हो म्हणाला म्हणून लगेच बाटल्या मोरीत ओतू नका! रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि नंतर भास, बडबड सुरू झाली तर जीवावर बेततं. सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. आणि ते जेवणात गुपचूप दारू सोडवायची गोळी (डायसल्फिराम) मिसळायचं तर अजिबात नको, तिच्यावर दारू पोटात गेली तर माणूस दगावू पण शकतो.

नाही म्हणाला तर? भांडू नका. ऑफिसला "ताप आहे" म्हणून खोटे फोन करणं बंद, उधारी फेडणं बंद. जेवण, बोलणं चालू. न पिता आला त्या संध्याकाळी मुद्दाम सोबत बसा, सेव उसळ आणा, काहीही.

दादा दुसऱ्या वेळीही नाहीच म्हणाला होता. दोन आठवड्यांनी स्वतःच विचारलं, तो डॉक्टर बसतो कुठे. वहिनीने बॅग अजून रिकामी केली नव्हती.