आधी पापण्या, मग पडदा

डोळ्याच्या आतल्या पडद्याचे (रेटिनाचे) फोटो काढणाऱ्या ऑप्टॉस मशीनवर बसशील त्या पहिल्याच दिवशी तुला कोणी तरी सांगेल, "हे ऑप्टॉस एका झटक्यात 200 अंश दाखवतं, पडद्याचा 82 टक्के भाग." आपण शिबिराला नेतो तो साधा कॅमेरा 45 अंशांचा, म्हणजे फरक मोठाच आहे. फक्त हा आकडा पेशंटच्या पापण्यांना ठाऊक नसतो.

माझ्या पहिल्या महिन्यात झरी-जामणीकडचा एक पोरगा आला होता. उणे आठचा चष्मा. मी काढलेल्या फोटोत खालच्या बाजूला तुराट्यांचं कुंपण उभं असावं तशा पापण्या आल्या होत्या. मधला भाग छान दिसतोय म्हणून मी तो पुढे पाठवून दिला. डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब टाकून, डोक्यावरचा दिवा लावून तपासलं तर पडद्याला सहा वाजताच्या जागी, म्हणजे अगदी खाली, छिद्र. ते रागावले नाहीत. फोटो माझ्यासमोर धरून एवढंच विचारलं, "यात सहा कुठे वाजतात, दाखव."

म्हणून सुरुवात पापण्यांपासून. काजळ ओल्या कापसाने पुसून घे. कपाळावरचं तेलही पूस, नाही तर डोकं टेकवायची पट्टी चिकट होते आणि पुढचा माणूस नाक मुरडतो. 'लेझर' हा शब्द तोंडातून काढू नको. मशीन हिरव्या आणि लाल लेझरनेच पडदा टिपतं, पण आजीच्या कानावर तो शब्द गेला की ती उठून थेट बस स्टँड गाठते. आपण म्हणायचं, "आजी, आत दिवा दिसन, त्याच्याकडेच पाहाजा. डोया मोठ्ठा करा." 'उघडा' म्हटलं तर आधीच उघडा आहे म्हणतात, 'मोठा करा' म्हटलं की बरोबर करतात.

वरची पापणी अंगठ्याने भुवईच्या हाडावर धर. बुबुळावर दाब येता कामा नये. खालची पापणी कापसाच्या काडीने ओढ. दोनदा उघडझाप करायला लाव आणि लगेच बटण दाब. कोरड्या डोळ्याचा फोटो धुरकट येतो. मग पाच फोटो: समोर, वर, खाली, कानाकडे, नाकाकडे. खाली बघायला लावशील तेव्हा वरची पापणी जास्त उचलावी लागते. हा फोटो टाळावासा वाटतो, आणि माझं छिद्र त्यातच राहिलं होतं.

सकाळच्या तीन-चार पेशंटना एकाच जागी ठिपका दिसला तर तो आजार नाही, मशीनच्या आरशावरची धूळ आहे. मार्च-एप्रिलमध्ये हे हमखास होतं.

रंग खरे नसतात, हे लक्षात असू दे. हिरव्या थरात रक्तवाहिन्या आणि रक्तस्राव उठून दिसतात, लाल थरात पडद्यामागचे तीळ. दोन्ही वेगवेगळे उघडून बघ. कडेचा भाग ताणलेला येतो, म्हणून मागच्या वर्षीच्या 'समोर'शी यंदाचं 'कानाकडे' लावून डाग वाढला असं म्हणू नको. दिशेला दिशाच लाव.

सिकलसेलच्या पेशंटला मी सगळ्यात जास्त वेळ देते. एसएसवाल्या, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलचा दोष आलेल्या, पोरापोरींची नजर चांगली असते, तक्रार काहीच नसते. पण पडद्याच्या अगदी कडेला बारीक वाहिन्या बुजतात आणि तिथेच नव्या, कमजोर वाहिन्यांचे पंखे फुटतात. साध्या कॅमेऱ्यात हा भाग येतच नाही. 2023 च्या जुलैत सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हापासून बऱ्याच जणांकडे तपासणीचं कार्ड असतं. ते मागून घे आणि 'एसएस' हे फोटोच्या नावातच लिही.

शुगरच्या पेशंटला दरवर्षी बोलवायचं, दिसायला चांगलं असलं तरी. पण तारीख देताना कापसाच्या वेचणीचे दिवस टाळ. दिवाळीच्या पुढेमागे दिलेली तारीख म्हणजे न दिलेली तारीख. आणि मध्यबिंदूवरची सूज या फोटोत नीट कळत नाही, त्यासाठी ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर उभ्या कापासारखे दाखवणारी तपासणी, लागते. "फोटो चांगला आला, आता तपासणी नको" असं पेशंट म्हणतीलच. ते ठरवणं आपलं काम नाही. डोळ्यापुढे विजा चमकतात, काजळी उडते, एका बाजूने पडदा पडल्यासारखं वाटतं असं कोणी म्हटलं तर रांग मोडून त्याला डॉक्टरांकडे ने. फोटो नंतर.

थेंब टाकलेल्या माणसाला गाडी कोण चालवणार ते विचार. मोटारसायकलवर एकटा आला असेल तर थेंबांचा असर उतरेपर्यंत बसवून ठेव, कितीही कुरकुरला तरी.

फोटोची एक प्रत पेशंटच्या हातात दे. घाटंजीकडची एक काकू तीन वर्षांचे फोटो सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवते. मागे आपला संगणक बसला होता तेव्हा जुने फोटो फक्त तिच्याकडेच निघाले.