फ्रेंच चर्चमधला जुना टांगता दिवा: सफाई आणि टांगणी

टॅबरनॅकलसमोर (चर्चच्या वेदीवरच्या, पवित्र भाकरी ठेवायच्या पेटीसमोर) अखंड तेवत ठेवायचा 19व्या शतकातला फ्रेंच दिवा हाती आला, की पॉलिशची बाटली आधी दूर ठेवा. असे पुष्कळ दिवे पितळेचे असतात आणि वर सोन्याचा किंवा चांदीचा पातळ मुलामा असतो. एकदा घासून गेलेला मुलामा परत येत नाही.

साखळीच्या कड्या एकमेकींवर घासतात ती जागा भिंगाने बघा. मुलामा असेल तर तिथे पिवळं पितळ डोकावतं. मग धातूवर उमटवलेले शुद्धतेचे आणि कारागिराचे बारीक ठसे शोधा. 1838 पासून अस्सल फ्रेंच चांदीवर मिनर्व्हा या रोमन देवीच्या मुखाचा ठसा येतो आणि कारागिराचा ठसा शंकरपाळीच्या आकाराचा असतो. तोच चौकोनी दिसला तर वस्तू मुलाम्याची.

विकत घेताना कागद मागाच. फ्रान्समध्ये चर्च आणि सरकार वेगळं करणाऱ्या 1905 च्या कायद्यामुळे त्याआधीची बहुतेक पॅरिश (म्हणजे गावा-वस्तीची) चर्च आणि त्या वेळी त्यांत असलेलं सामान तिथल्या नगरपालिकेच्या मालकीचं आहे, त्यामुळे दिवा चर्चमधून कसा बाहेर पडला हे कळलं पाहिजे.

सुटा करण्याआधी फोटो काढा आणि तिन्ही साखळ्यांना खुणेचे दोरे बांधा. त्यांची अदलाबदल झाली की दिवा कलतो. लाल काच वेगळी ठेवा. थिजलेलं मेण ड्रायरच्या मंद उष्णतेने मऊ करून लाकडी काडीने काढा. सुरी लावली की नक्षीवर ओरखडे उठतात. नंतर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि लगेच कोरडं. भिजत घालू नका, पोकळ भागांत पाणी साचतं. अमोनियाने ठोकीव पितळेला बारीक तडे जातात. लिंबू-व्हिनेगरने जस्त विरघळून तांबूस डाग पडतात.

खरा धोका साखळीचा. सगळ्यात वरची कडी सर्वाधिक झिजते, कारण सगळा भार तिच्यावर असतो. तिची जाडी मूळच्या दोन-तृतीयांशाहून कमी उरली असेल तर ती बदला. उघडलेले एस-हूक मिटवून घ्या, पण डाख देऊन जोडलेल्या कडीवर भार सोपवू नका. छताचा हूक प्लास्टरमध्ये नको, तुळईतच हवा. दिवा चढवण्याआधी त्या हुकावर दिव्याच्या चौपट वजन दिवसभर टांगून बघा. मोठ्या दिव्याला खाली-वर करण्यासाठी कप्पी आणि उलटभार (दिव्याचं वजन तोलणारं दुसऱ्या टोकाचं वजन) असेल तर दोर नवाच घाला.

वीज जोडायची असेल तर भांड्याला भोक पाडू नका. वायर साखळीबरोबर खाली आणा, धातूच्या अंगाला अर्थिंग द्या आणि कमी वॅटचा एलईडी लावा.